ऑब्जेक्टिव्हवरून खाली उतरणारे तेल

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका संशोधन प्रयोगशाळेत सर्वांनी मिळून वापरायच्या मायक्रोस्कोपांची देखभाल मी पाहते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने येणारे पीएचडीचे विद्यार्थी, औद्योगिक वसाहतीतील औषध कंपन्यांचे संशोधक, अधूनमधून एखाद्या महाविद्यालयाचे शिक्षक असे अनेकांचे हात या यंत्रांवर फिरतात. यंत्र बिघडण्याची कारणे पुष्कळ असली, तरी ऑब्जेक्टिव्हच्या, म्हणजे नमुन्यालगतच्या भिंगांच्या नळीच्या, बाबतीत एक कारण पुन्हापुन्हा समोर येते: इमर्शनसाठी, म्हणजे भिंग आणि नमुना यांच्यामधली हवा काढण्यासाठी, लावलेले तेल किंवा पाणी पुढच्या भिंगावरून ओघळते आणि ऑब्जेक्टिव्हच्या अंगात शिरते. उच्च प्रतीच्या एका ऑब्जेक्टिव्हची किंमत काही लाख रुपयांच्या घरात जाते आणि ते दुरुस्त होऊन परत येईपर्यंत कोणाचे तरी काम अडून राहते. ऑब्जेक्टिव्ह पुसावे कसे, हे आपण विद्यार्थ्यांना मन लावून शिकवतो; द्रव खाली उतरू न देण्याची तजवीज मात्र फार थोड्या ठिकाणी केलेली दिसते. माझ्या मते भिंगाचे आयुष्य पुसण्यापेक्षा या तजविजीवर अधिक अवलंबून असते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

हा द्रव मुळात लागतो कशासाठी, ते थोडक्यात सांगते. नमुन्यातून निघालेले प्रकाशकिरण कव्हरस्लिपच्या, म्हणजे नमुन्याला लागून असलेल्या पातळ काचेच्या, तुकड्यातून हवेत येताना वाकतात आणि फार तिरपे किरण तर काचेतून बाहेरच पडत नाहीत. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५२, हवेचा १. मधली हवा काढून तिथे १.५१८ अपवर्तनांकाचे तेल भरले की किरण जवळजवळ सरळ रेषेत भिंगात शिरतात आणि ऑब्जेक्टिव्हचे न्युमेरिकल अपर्चर (किती तिरपे किरण गोळा करता येतात, याचे माप) १.४ किंवा त्याहून पुढे नेता येते. कोरड्या ऑब्जेक्टिव्हला ०.९५ च्या आसपास थांबावे लागते. हिरव्या प्रकाशात कोरड्या भिंगाला साधारण ३५० नॅनोमीटर अंतरावरचे दोन बिंदू वेगळे दाखवता येतात, तर तेलाचे भिंग २४० नॅनोमीटरपर्यंत पोहोचते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी इंग्लंडमधील जे. डब्ल्यू. स्टीफनसन यांच्या सूचनेवरून येना येथील त्साइस कारखान्यात १८७८ च्या सुमारास तेलाचे इमर्शन प्रत्यक्षात आणले, तेव्हा सीडरवुड म्हणून ओळखले जाणारे झाडाचे तेल वापरले जाई. ते उघड्यावर राहिले की राळेसारखे घट्ट होऊन भिंगाला चिकटून बसे. आजची कृत्रिम तेले तशी वाळत नाहीत. हा मोठा लाभ आहे, पण त्यामुळेच तेल आठवडाभर भिंगावर राहिले तरी काही बिघडत नाही, असा समज पसरला आहे. न वाळणारे तेल आठवडाभर वाहते राहते आणि त्याला जिथे वाट मिळेल तिथे ते जाते.

ती वाट कुठे असते, हे कळण्यासाठी ऑब्जेक्टिव्हची रचना डोळ्यांपुढे आणावी लागते. तेलाच्या ऑब्जेक्टिव्हचे सर्वांत पुढचे भिंग अगदी लहान असते आणि धातूच्या बैठकीत सिमेंटने, म्हणजे काच चिकटवणाऱ्या पदार्थाने, बसवलेले असते. काच आणि धातू यांच्यामधली ती बारीक गोल रेघ हीच पहिली शिवण. ती शाबूत असेपर्यंत तेल आत जात नाही. पण नमुन्यावर भिंग आदळले, चुकीच्या द्रावकाने वारंवार पुसले किंवा वर्षानुवर्षे तेलात भिजत राहिले, तर सिमेंट कमकुवत होते. दुसरी वाट थोडी खाली आहे. शंभरपट ऑब्जेक्टिव्हचे भिंग नमुन्यापासून जेमतेम ०.१३ मिलिमीटर अंतरावर काम करत असल्यामुळे धडक बसल्यास मागे सरता यावे म्हणून त्याचे टोक स्प्रिंगवर बसवलेले असते, आणि मागे सरणारा भाग व बाहेरचे कवच यांच्यामध्ये फट असावीच लागते. तिसरी वाट करेक्शन कॉलरची. कव्हरस्लिपच्या जाडीनुसार किंवा तापमानानुसार आतील भिंगांचे अंतर बदलणारी ही कडी फिरणारी असल्यामुळे तिच्याखालीही फट असते. या दोन्ही फटी कवचाच्या बाजूला आहेत. म्हणजे पुढचे भिंग कितीही निगुतीने पुसले, तरी बाजूने खाली उतरलेल्या तेलाला त्या पुसण्याची बाधा होत नाही.

सरळ मायक्रोस्कोपात ऑब्जेक्टिव्हचे तोंड खाली असते. जास्त झालेले तेल स्लाइडवर पसरते, फार तर स्टेजवरून, म्हणजे स्लाइड ठेवायच्या मंचावरून, खालच्या कंडेन्सरवर (प्रकाश एकवटणाऱ्या भिंगावर) ठिबकते आणि ऑब्जेक्टिव्हचे अंग बव्हंशी कोरडे राहते. ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदरपर्यंतच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये पावसाळ्यात मलेरियासाठी रक्ताच्या स्लाइड दिवसभर तपासल्या जातात आणि क्षयरोगाच्या थुंकीची स्लाइड निगेटिव्ह ठरवण्याआधी किमान १०० फील्ड (भिंगाखाली एका वेळी दिसणारे भाग) पाहावे लागतात. हे सगळे काम तेलाखालचे असते. तिथला नेहमीचा अपघात वेगळा आहे. शंभरपट भिंगाखाली पाहून झाल्यावर तंत्रज्ञ नोजपीस, म्हणजे ऑब्जेक्टिव्ह बसवलेली फिरती चकती, उलट फिरवतात आणि चाळीसपट कोरडे ऑब्जेक्टिव्ह थेट तेलात बुडते. त्याचे कामाचे अंतरही मिलिमीटरहून कमी असल्यामुळे ते तेलाला टेकल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि ते तेलासाठी घडवलेलेही नसते. चाळीसपटाखाली सगळेच धुरकट दिसते अशी तक्रार आली की मी आधी ते ऑब्जेक्टिव्ह उतरवून तेल शोधते, आणि बहुतेक वेळा ते सापडते. यावर नियम एकच पुरतो: स्लाइडवर तेल पडल्यावर नोजपीस चाळीसपटाच्या बाजूने फिरवायचा नाही. नोजपीसवर ऑब्जेक्टिव्हची जागा बदलता येत असेल, तर तेलाच्या एका बाजूला रिकामी जागा किंवा चारपटीचे ऑब्जेक्टिव्ह ठेवावे. त्याचे अंतर इतके जास्त असते की तेलाला स्पर्शही होत नाही.

उलट्या, म्हणजे इनव्हर्टेड मायक्रोस्कोपात परिस्थिती पालटते आणि आमच्याकडची महत्त्वाची यंत्रे याच प्रकारची आहेत. जिवंत पेशी डिशच्या तळाशी वाढतात, म्हणून त्यांना खालून पाहावे लागते. ऑब्जेक्टिव्ह आकाशाकडे तोंड करून उभे असते आणि त्याच्या माथ्यावर तेलाचा थेंब ठेवलेला असतो. थेंब जरा मोठा झाला, किंवा डिश इकडून तिकडे सरकवत बराच वेळ काम चालले, की तेल काठावरून ओघळते आणि स्प्रिंगची फट, कॉलर, मग नोजपीसमधले आटे असा त्याचा प्रवास सुरू होतो. नोजपीसच्या खाली डीआयसीचे (पारदर्शक नमुना उठून दिसावा म्हणून वापरायच्या पद्धतीचे) प्रिझम असू शकते, त्याखाली प्रकाशाचे रंग निवडणारे फिल्टर क्यूब आणि आरसे असतात. तिथवर पोहोचलेले तेल पुसण्यासाठी यंत्रच उघडावे लागते.

म्हणून थेंबाच्या आकारापासून सुरुवात करावी. बाटलीच्या काडीला लागलेले सगळे तेल भिंगावर उतरवण्याची सवय सर्वत्र आहे आणि ती मोडावी लागते. भिंग आणि कव्हरस्लिप यांच्यातील अंतर मिलिमीटरच्या एका अंशाइतके असल्यामुळे मोहरीच्या दाण्याएवढा थेंब पुरेसा होतो. थेंब कमी पडला तर वाढवता येतो, जास्त झालेले तेल मात्र भिंगाला हात न लावता परत घेता येत नाही. एका डिशनंतर दुसरी डिश ठेवताना बरेच जण आधीच्या तेलावर नवा थेंब घालतात. असे दिवसभर चालले की संध्याकाळी ऑब्जेक्टिव्ह गळ्यापर्यंत तेलाने माखलेले असते. दर वेळी जुने तेल लेन्स टिश्यूने टिपून घ्यावे आणि मगच नवा थेंब ठेवावा, असे मी सर्वांना सांगते. त्यात तेल थोडे अधिक लागते, पण तेलाची बाटली आणि ऑब्जेक्टिव्ह यांच्या किमतीत तुलनाच होऊ शकत नाही.

तेलाच्या जाडीकडेही लक्ष द्यावे. कारगिल कंपनीचे ए प्रकारचे तेल १५० सेंटिस्टोक्सचे (हे द्रवाच्या दाटपणाचे एकक), म्हणजे बरेच पातळ असते. बी प्रकारचे १२५० सेंटिस्टोक्सचे असते. दोघांचा अपवर्तनांक सारखा असल्यामुळे प्रतिमेत फरक पडत नाही आणि मधली जाडी हवी असल्यास ती दोन्ही एकमेकांत मिसळताही येतात. पातळ तेलात बुडबुडे कमी अडकतात, म्हणून सरळ मायक्रोस्कोपावर भराभर स्लाइड पाहणाऱ्यांना ते आवडते. उलट्या मायक्रोस्कोपासाठी मी जाडच तेल मागवते. बुडबुडा अडकला तर तो काढायला एक मिनिट जाते. पातळ तेल ओघळले तर काय होते, ते वर सांगितलेच आहे.

तापमानाचा परिणाम आपल्याकडे विशेष जाणवतो. तेलाच्या बाटलीवरचा अपवर्तनांक २३ अंश सेल्सिअसला मोजलेला असतो. वातानुकूलित खोलीत ते तापमान राखता येते, पण जुलैतल्या मुसळधार पावसात वीज गेली, यूपीएसवर यंत्र चालू राहिले आणि एसी बंद पडला, की खोली तासाभरात दमट आणि उबदार होते. तेल त्याबरोबर पातळ होते आणि सकाळी जागच्या जागी राहिलेला थेंब दुपारी काठावरून उतरू लागतो. पेशींसाठी ३७ अंशांवर ठेवलेल्या स्टेजवर तर हे रोजचेच आहे. शिवाय दर अंशाला अपवर्तनांक साधारण ०.०००४ ने घटतो, म्हणजे २३ वरून ३७ अंशांवर गेल्यावर १.५१८ चे तेल १.५१२ च्या आसपास येते आणि प्रतिमेची धारही बोथट होते. ३७ अंशांसाठी वेगळे बनवलेले तेल मिळते. त्याचा अपवर्तनांक आणि जाडी दोन्ही त्या तापमानाला धरून ठरवलेले असतात. उबदार स्टेजवर नियमित काम करणाऱ्यांनी तेच घ्यावे, असा माझा आग्रह असतो.

पाण्याच्या ऑब्जेक्टिव्हची गोष्ट याहून नाजूक आहे. पेशींचा अपवर्तनांक पाण्याच्या जवळचा असल्यामुळे खोलवरचे पाहण्यासाठी १.२ न्युमेरिकल अपर्चरची पाण्याची ऑब्जेक्टिव्ह उत्तम असतात, पण ३७ अंशांवर पाणी लवकर उडून जाते. रात्रभर टाइम-लॅप्स चालवायचा असेल तर कोणी थेंब मोठा ठेवतो, कोणी पंपाच्या नळीने थेंबाथेंबाने पाणी सोडत राहतो. पंपाची सोय चांगली असली तरी सोडलेले जास्तीचे पाणी गोळा करण्याची व्यवस्था नसेल, तर ते सगळे ऑब्जेक्टिव्हच्या अंगावरूनच जाते आणि पाणी तेलापेक्षा कितीतरी पातळ असल्यामुळे फटीत सहज शिरते. त्याऐवजी १.३३४ अपवर्तनांकाचा, न उडणारा आणि पाण्याची जागा घेणारा द्रव मिळतो. लांब चालणाऱ्या प्रयोगांसाठी तो अधिक सुरक्षित वाटतो, कारण एकदा योग्य प्रमाणात ठेवला की रात्री कोणाला पुन्हा भर घालावी लागत नाही.

सर्वांत वाईट गळती इमर्शनच्या द्रवाची नसतेच. ती डिशमधल्या माध्यमाची, म्हणजे पेशींना पोसणाऱ्या द्रावणाची, असते. त्यात क्षार असतात, साखर असते, प्रथिने असतात. ते फटीत वाळले की धातू गंजतो, कॉलर फिरेनाशी होते आणि आपल्या दमट हवेत बुरशीला खाऊ मिळतो. काचेच्या तळाच्या डिशमध्ये प्लॅस्टिकला भोक पाडून कव्हरस्लिप चिकटवलेली असते. ती चिकटवण एका जागी सुटली तरी रात्रभरात डिश रिकामी होते. प्रयोगशाळेत हाताने चिकटवलेल्या डिशमध्ये हे विशेष घडते. ऑब्जेक्टिव्ह जोरात वर आल्यास १७० मायक्रोमीटर जाडीची कव्हरस्लिप तडकते आणि तडा डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून आमच्याकडे लांब प्रयोगाआधी डिश स्टेजवर थेट ठेवली जात नाही. ती माध्यमासह कोरड्या टिश्यू पेपरवर इन्क्युबेटरमध्ये काही तास ठेवायची, मग उचलून कागदावर ओलावा आहे का ते पाहायचे. इतक्या साध्या तपासणीत सुटलेली चिकटवण ताबडतोब कळते. डिश काठोकाठ न भरता प्रयोगाला लागेल तेवढेच माध्यम घातले, तर गळती झालीच तरी नुकसानाला मर्यादा राहते.

इतके करूनही द्रव कधीतरी उतरणारच, आणि त्यासाठी ऑब्जेक्टिव्हला बाही घालावी लागते. काही कंपन्या आपल्या ऑब्जेक्टिव्हसाठी रबराची किंवा सिलिकोनची तयार टोपी देतात; ती मिळत असेल तर तीच घ्यावी. मिळत नसेल तर हातमोज्याचे बोट कापून उत्तम बाही होते. हातमोजा नायट्राइलचा, पावडर नसलेला असावा. लॅटेक्स तेलाने फुगते आणि सैल पडते, म्हणून तेलाच्या ऑब्जेक्टिव्हला ते चालत नाही. बोटाच्या टोकाला भिंगाच्या तोंडापेक्षा थोडे मोठे, पण त्यामागच्या निमुळत्या धातूपेक्षा लहान भोक पाडावे, म्हणजे बाही ताणून बसते आणि तिचा काठ धातूला घट्ट धरतो. हा काठ पुढच्या भिंगापासून थोडा खाली, तरीही स्प्रिंगच्या फटीच्या वर यायला हवा. तो वर सरकला तर डिशला घासेल, आणि फटीच्या खाली गेला तर बाहीचा उपयोगच उरत नाही. बाहीचा खालचा काठ नोजपीसजवळ बाहेरच्या बाजूला दुमडून पन्हळीसारखा करावा आणि त्यात टॉवेलच्या कापडाचे, केसांना लावतात तसले जाड बँड बसवावे. उतरलेले तेल या पन्हळीत येते आणि कापड ते शोषून घेते. कापड ओले दिसले की तेल कुठून आणि किती उतरते आहे, याची खबरही त्यातून मिळते.

बाही घातल्यावर तीन गोष्टी तपासल्याशिवाय मी यंत्र कोणाच्या हाती देत नाही. टोकाला बोटाने हलकेच दाबून स्प्रिंग मोकळी मागे जाते का, हे पाहायचे. बाही फार ताणलेली असेल तर स्प्रिंग अडते आणि धडकेपासून मिळणारे संरक्षणच जाते. करेक्शन कॉलर बाहीच्या आतून फिरवता येते का, हे पाहायचे. आणि नोजपीस संपूर्ण एकदा हळू फिरवून बाही शेजारच्या ऑब्जेक्टिव्हला किंवा स्टेजच्या भोकाच्या काठाला लागत नाही ना, याची खात्री करायची. मोटरवर चालणाऱ्या नोजपीसवर ही शेवटची तपासणी विशेष महत्त्वाची, कारण अडथळा आला तरी मोटर जोर लावत राहू शकते. बाही कायमची नसते. नायट्राइलही काही काळाने थकते आणि ओली बाही तशीच राहिली तर ती द्रवाला धातूशी धरून ठेवते, म्हणजे जे टाळायचे तेच घडते. तेल दिसले की बाही बदलायची, आणि नाही दिसले तरी ठरावीक काळाने बदलायची.

तेल आत गेले आहे की नाही, हे ओळखणे अवघड नाही. पुढचे भिंग स्वच्छ पुसूनही प्रतिमेवर दुधी पडदा राहत असेल, फोकसच्या वर आणि खाली प्रतिमा सारखी न पसरता एका बाजूला जास्त पसरत असेल, तर संशय घ्यावा. ऑब्जेक्टिव्ह उतरवावे, आयपीस काढून उलटा धरावा आणि त्यातून भिंगासारखे पुढच्या काचेकडे पाहावे. शिवणीपाशी चंद्रकोरीसारखी चमक किंवा रंगीत कडे दिसले, तर तेल काचेमागे गेलेले आहे. आटे असलेल्या बाजूनेही प्रकाशाकडे धरून पाहावे. आत थेंब किंवा पट्टा दिसल्यास काहीच शंका उरत नाही.

पुसण्याविषयी थोडेच लिहिते, कारण त्याची माहिती सर्वत्र मिळते. आधी तेल लेन्स टिश्यूने दाब न देता टिपून घ्यावे, मग टिश्यूच्या कडेला द्रावकाचा थेंब लावून तो भिंगावरून एकाच दिशेने ओढावा. त्साइस कंपनी ज्या द्रावणाची शिफारस करते, त्यात ८५ टक्के हेक्झेन आणि १५ टक्के आयसोप्रोपॅनॉल असते. ते तेल काढते आणि लवकर उडते. झायलीन अनेक पॅथॉलॉजी लॅबमध्ये हाताशी असते म्हणून सर्रास वापरले जाते, पण वारंवारच्या वापराने ते सिमेंटला बाधते, आणि ॲसिटोन रंग व प्लॅस्टिक खाते. उलट्या मायक्रोस्कोपावर ऑब्जेक्टिव्ह उभे असताना त्यावर द्रावकाची धार कधीच सोडू नये. द्रावक पातळ असते. ते तेलाला विरघळवून सोबत घेते आणि थेट त्या फटींमध्ये उतरते. आमच्या प्रयोगशाळेतील मामा संध्याकाळी यंत्र झाकण्याआधी टिश्यू किती ओला असावा, हे मला दाखवून मगच पुसतात, आणि ही काळजी मला फार मोलाची वाटते.

मोठी गळती झालीच तर पहिली काही मिनिटे महत्त्वाची असतात. डिश उचलून बाजूला ठेवावी, फोकस पूर्ण खाली आणावा, नोजपीस मोटरचा असेल तर वीज बंद करावी. ऑब्जेक्टिव्ह उतरवताना त्याचे तोंड खाली राहील असे चटकन वळवावे, म्हणजे फटीत शिरलेला द्रव आणखी आत न जाता बाहेर येतो. माध्यम सांडले असेल तर बाहेरचा भाग शुद्ध पाण्याने ओलावलेल्या टिश्यूने पुसावा, कारण क्षार अल्कोहोलने नीट निघत नाहीत, आणि मग कोरडा करावा. नोजपीसच्या रिकाम्या भोकातून टॉर्चने खाली पाहून आरशांवर थेंब गेले का, ते तपासावे आणि भोकावर झाकण लावावे. ऑब्जेक्टिव्ह तोंड खाली करून, टिश्यूवर, सिलिका जेलच्या डब्यात रात्रभर ठेवावे. सकाळी टिश्यूवर पुन्हा डाग दिसला, तर आत अजून द्रव आहे असे समजावे. ते स्वतः उघडू नये. आतील भिंगांचे अंतर मायक्रोमीटरच्या अचूकतेने जुळवलेले असते आणि घरगुती पकडीने ते पुन्हा जुळत नाही. कोणता द्रव, किती वेळ आणि कोणत्या तापमानाला आत राहिला, हे एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी ऑब्जेक्टिव्हसोबत डब्यात ठेवावी आणि डबा दुरुस्तीला पाठवावा. तेल, खारट माध्यम आणि सिलिकोन तेल यांची सफाई वेगवेगळ्या पद्धतीने करावी लागते.